बोलीचे राखणदार

मृगाचा पाऊस पडून गेला, की पनवेलच्या बाजारात रस्त्याच्या कडेला एक निराळीच भाजी दिसू लागते. आसपासच्या डोंगराकडील वाड्यांतून कातकरी स्त्रिया पहाटेच निघतात आणि शेवळ्यांच्या जुड्या समोर मांडून बसतात. शेवळे कोणी पेरीत नाही. पहिल्या पावसाबरोबर ती रानात आपोआप उगवतात. वर्षातून थोडेच दिवस ही भाजी मिळते, आणि नीट शिजवली नाही तर घसा खवखवतो. म्हणून तिच्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालावी लागतात. शेवळे कोठे शोधावी, कोणती घ्यावी, कोणती सोडावी, हे ज्ञान या स्त्रियांना कोणत्या पुस्तकाने दिले? आईने मुलीला सांगितले, त्या मुलीने पुढे आपल्या मुलीला सांगितले. आणि हे सारे सांगणे झाले ते कातकरी बोलीत. भाजी घेणाऱ्याला टोपली दिसते. टोपलीबरोबर आलेली बोली मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

कातकरी हे नाव ‘कात’ या शब्दावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या लोकांचा जुना व्यवसाय. इंग्रजी अमलात जंगलांवर निर्बंध आले आणि तो व्यवसाय मागे पडला. आज अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात व पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या वाडीत परततात. महाराष्ट्रातील तीन जमातींना भारत सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गट मानले आहे. त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरीही आहेत. ज्यांच्या हातून जमीन गेली, जंगल गेले, त्यांच्याजवळ पूर्वजांचे म्हणून जे थोडे धन उरले, त्यांत त्यांची बोली आहे. आता तेही धन हळूहळू ओसरत आहे.

बोली एका दिवसात लोपत नाही. प्रथम ती बाजारातून जाते, मग अंगणातून जाते, शेवटी चुलीजवळ उरते. आणि चुलीजवळचे म्हातारे माणूस गेले, की तेथूनही जाते. शाळेत एखादे मूल घरचा शब्द उच्चारते आणि सोबती हसतात. दुसऱ्या दिवशी ते मूल तो शब्द गिळून टाकते. आपल्या वाट्याला आलेला उपहास लेकरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आईबापही घरात मराठीच बोलू लागतात. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना मुलांचे हितच हवे असते. त्यातच भोवतालचे जगही झपाट्याने पालटते. 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली. शेते आणि मिठागरे यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. गाव बदलले, की गावची बोलीही बावरते.

अशा वेळी बाहेरून आलेला भाषातज्ज्ञ काय करू शकतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम जुना अनुभव पाहू.

मुंबईत महाविद्यालय स्थापन करणारे डॉ. जॉन विल्सन यांनी 1843 साली वारली आणि काथोडी, म्हणजे कातकरी, लोकांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. पुढे सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांची प्रचंड पाहणी हाती घेतली. 1894 साली सुरू झालेले हे काम 1928 साली पुरे झाले. त्यात 179 भाषा आणि 544 बोली नोंदल्या गेल्या. मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात कातकरी बोलीलाही स्थान मिळाले. शंभर वर्षांपूर्वी ती बोली कशी होती, हे आज कळते ते अशा नोंदींमुळेच. हे उपकार लहान नव्हेत. तथापि, त्या पद्धतीत एक उणीव होती. बायबलातील उधळ्या पुत्राची एकच कथा प्रत्येक बोलीत भाषांतर करवून घेतली जाई. बोलणाऱ्यांना स्वतःची कोणती गोष्ट सांगावीशी वाटते, हे फारसे विचारले जात नसे. शिवाय, छापलेले जाडजूड ग्रंथ दूरच्या ग्रंथालयांत गेले. ज्यांची बोली त्यांत होती, त्यांच्या झोपडीपर्यंत ते पोहोचले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर आपल्याच विद्वानांनी हे काम पुढे नेले. डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडकडील कुणबी, ठाण्याकडील वारली अशा बोलींचा बारकाईने अभ्यास करून पुस्तके लिहिली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील भाषाशास्त्रज्ञांनी गावोगाव जाऊन मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. ते गावकऱ्यांना लहान लहान चित्रफिती दाखवतात आणि काय घडले ते आपल्या शब्दांत सांगावयास सांगतात, नात्यांचे व वस्तूंचे शब्द विचारतात, गोष्टी ऐकतात. बोलणारा सहज बोलतो आणि बोलीचे खरे रूप यंत्रात उतरते.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती बोलणारे सुमारे दोन-अडीच हजारच आहेत. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. 1962 साली कायपर या डच विद्वानाने तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे डेक्कन महाविद्यालयाच्या डॉ. शैलेंद्र मोहन यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. अशा भाषेत माणसाच्या प्राचीन इतिहासाच्या खुणा दडलेल्या असतात. ती गेली, तर त्या खुणा पुन्हा कोठे सापडणार?

वेळ निघून गेल्यावर काय होते, याची साक्ष अंदमान देते. दिल्लीच्या प्राध्यापिका अन्विता अब्बी तेथील भाषांच्या अभ्यासासाठी गेल्या, तेव्हा ‘बो’ ही भाषा जाणणारी एकच वृद्धा उरली होती. तिचे नाव बोआ. 2004 सालच्या त्सुनामीतून ती वाचली. पण आपल्या भाषेत उत्तर देणारे माणूस तिला उरले नव्हते. ती पाखरांशी बोलत बसे. 26 जानेवारी 2010 रोजी ती वारली आणि बो भाषा कायमची मुकी झाली. अब्बींनी तिचा आवाज जपून ठेवला आहे. अंदमानी भाषेचा कोशही प्रसिद्ध केला. मुद्रित केलेला आवाज आज ऐकता येतो. पण त्याला साद घालणारा कोणी नाही.

याच्या उलट एक कथा अमेरिकेतील आहे. तेथील मायामिया या मूळ रहिवाशांना 1846 साली त्यांच्या भूमीतून हलवण्यात आले. त्यांची पांगापांग झाली आणि 1960 च्या सुमारास त्यांची भाषा बोलणारे कोणी उरले नाही. पुढे डेव्हिड कोस्टा या भाषातज्ज्ञाने फ्रेंच धर्मोपदेशकांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले कोश आणि इतर कागद तपासले व त्या भाषेचे व्याकरण उलगडले. परंतु व्याकरण कळले म्हणून भाषा जिवंत होत नाही. ती जिवंत झाली, कारण डॅरिल बाल्डविन या मायामिया गृहस्थाने स्वतः भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि पतिपत्नींनी आपल्या मुलांना घरात तीच भाषा शिकवली. तज्ज्ञाने हरवलेला जिन्नस शोधून दिला. घरच्यांनी तो वापरात आणला.

या अनुभवांतून तज्ज्ञाची खरी कामे स्पष्ट होतात. पहिले काम ऐकण्याचे. वाडीत गेलेल्या पंडिताने तेथे विद्यार्थी व्हावे. आजीबाई गुरू आणि तो शिष्य. दुसरे काम नोंदण्याचे. बोलीतील जे ध्वनी देवनागरीत नेमके लिहिता येत नाहीत, त्यांना योग्य खुणा शोधणे, शब्दांचा कोश करणे, गाणी, कोडी, औषधांची माहिती, रानातील झाडांची व माशांची नावे मुद्रित करणे, हे त्याने करावे. तिसरे काम शिकवण्याचे. वाडीतील तरुण मुलामुलींना मुद्रणयंत्र कसे चालवावे, शब्द कसे टिपावे, हे शिकवले, तर तज्ज्ञ परत गेल्यावरही काम थांबत नाही. 2010 पासून डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात 780 भाषांची नोंद झाली. महाराष्ट्राच्या खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले. या सर्वेक्षणात पंडितांबरोबर त्या त्या भाषा बोलणाऱ्यांनीही लेखणी हाती घेतली, हे त्याचे वैशिष्ट्य. चौथे काम परत देण्याचे. जे वाडीतून नेले, ते वाडीत परत आले पाहिजे. मुद्रित गाणी, सचित्र वाचनपुस्तके, छोटे कोश तेथील मुलांच्या हाती पडले पाहिजेत. काही गोष्टी बाहेर सांगू नयेत, अशी जर लोकांची इच्छा असेल, तर तिचाही मान राखला पाहिजे.

आणि तज्ज्ञ काय करू शकत नाही? तो आजीच्या जागी बसून नातवाशी बोलू शकत नाही. विहीर कोठे खोदावी हे जाणकार सांगेल, गवंडी ती बांधून देईल. पण रोज पाणी शेंदायचे ते घरच्या माणसांनीच. शेंदले नाही, तर चांगली बांधलेली विहीरही शेवाळते. बोलीचे तसेच आहे. ती बोलावी की नाही, हे अखेर तिच्या लेकरांनीच ठरवायचे असते.

तरीही एक जबाबदारी शेजाऱ्यांवर येते, आणि ती लहान मुलेही पार पाडू शकतात. कातकरी वाडीतील मूल शाळेत मराठी शिकते, ते चांगलेच. मराठीमुळे त्याला मोठ्या जगाचे दार उघडते. त्यासाठी घरची बोली टाकून द्यावी लागत नाही. दोन भाषा एका मुखात सुखाने नांदतात. एखाद्या सोबत्याने आपल्या घरचा शब्द उच्चारला, तर हसणे सोपे असते, “याचा अर्थ काय? पुन्हा सांग ना!” असे विचारणे तितकेच सोपे असते. पहिल्याने एक शब्द मावळतो, दुसऱ्याने तो शब्द तगतो.

पुढच्या मृगात पनवेलच्या बाजारात पुन्हा शेवळे येतील. टोपलीमागे बसलेल्या बाईजवळ तिची लेक असेल. त्या दोघी आपसांत कोणत्या बोलीत बोलतील, हे पंडितांच्या ग्रंथांवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक त्या लेकीला वर्गात कोणी कसे ऐकले, यावर अवलंबून आहे.

स्वाध्याय

1. शेवळ्यांच्या भाजीचे उदाहरण पाठाच्या आरंभी का दिले आहे?
2. ग्रिअर्सन यांच्या पाहणीचे महत्त्व व तिच्यातील उणीव पाच-सहा वाक्यांत लिहा.
3. बो आणि मायामिया या दोन भाषांच्या कथांतील फरक सांगा.
4. ‘रोज पाणी शेंदायचे ते घरच्या माणसांनीच’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
5. घरातील वडीलधाऱ्यांकडून, पुस्तकात न आढळणारे दहा शब्द मिळवा. ते अर्थासह वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.