पंधरा तारखेचे विमान, चौदा तारखेचा प्रवास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटरचा वेग धरला तर हिशेब १४ तासांचा होतो. वेळापत्रकात मात्र थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास आणि येताना दीडएक तास कमी लागतो. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर काही मार्गांचा वळसाही वाढला. त्याची झळ मुंबईपेक्षा दिल्लीच्या फेऱ्यांना अधिक बसली.

लोणी काळभोरहून शिकायला किंवा मुलाबाळांकडे निघालेल्यांची सर्वांत मोठी फसगत तिकिटावरच्या तारखेत होते. लांब पल्ल्याची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला पहाटे २ वाजताचे विमान म्हणजे घर सोडायचे ते १४ तारखेच्या दुपारी. १५ तारखेच्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालेल्या माणसाचे विमान तोवर न्यूयॉर्कला पोचलेले असते, आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते, हेही ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून जानेवारीत पहाटे २ ला सुटलेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरताना दिसते. प्रवास साडेपाच तासांचा वाटतो, शरीराला तो १६ तासांचाच घडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी मधल्या डोसांच्या वेळा डॉक्टरांकडून आधी लिहून घ्याव्यात, औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

लोणी काळभोर ते मुंबई विमानतळ रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला ४ तास पुरतात. पण हडपसरची संध्याकाळ, पुढे खंडाळ्याचा घाट आणि मुंबईत शिरतानाची रांग धरून ७ तास हाताशी ठेवणेच शहाणपणाचे. विमानतळावर ३ तास आधी, म्हणजे रात्री ११ ला पोचायचे तर दुपारी ४ ला गाडी हलली पाहिजे. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचे २ तास मिळवले की घरापासून एकूण २८ तास होतात. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामी असते आणि सोलापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

लोहगाव विमानतळ त्या मानाने जवळ, जेमतेम २० किलोमीटर. तिथून दिल्लीमार्गे जाता येते, पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय सामान दिल्लीत उतरवून पुन्हा द्यावे लागते.