कपाशीवरची बोंडअळी: आधी सापळ्याचा खर्च, मग औषधाचा

बोंडअळीच्या धास्तीने दर पंधरवड्याला फवारा मारायचा, तर औषध आणि मजुरी मिळून एकरी हजार रुपये एका खेपेला सहज जातात. एकात्मिक कीड व्यवस्थापनात फवारणी बंद नसते. गरज दिसली तरच ती करायची. ती गरज ओळखण्याचं साधन सगळ्यात स्वस्त आहे.

पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. सापळा चाळीस-पन्नास रुपयांना, त्यातली गंधाची ल्यूर वीस-तीसला. ल्यूर दर तीन आठवड्यांनी बदलायची, म्हणजे हंगामाला साधारण ३५० रुपये धरा. दुकानात ‘बोंडअळीची ल्यूर’ असं मोघम मागू नका. हिरव्या अळीची ल्यूर पदरात पडली, तर गुलाबी बोंडअळीचे पतंग त्यात येणारच नाहीत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले, की फवारणीचा विचार करा.

तरी एवढ्यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. बाहेरून बोंड निरोगी दिसतं, अळी शिरल्याचं भोकही बुजलेलं असतं. आत मात्र ती सरकी पोखरत बसलेली सापडते. विसांत दोन किडकी निघाली, म्हणजे १० टक्के नुकसान. आता औषध हवंच. या कामाला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

त्याआधीच्या टप्प्यात ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळा, १०० लिटर पाणी करा. पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या वेचून सावलीत वाळवल्या, तर खर्च फक्त मजुरीचा. मित्रकीटकांची ट्रायकोकार्ड एकरी तीन लागतात, एकाला शंभराच्या आसपास धरा. ती लावल्यावर आठवडाभर रासायनिक फवारा नको, नाहीतर मित्रकीटक मरतात आणि पैसेही जातात.

औषध मारायचंच ठरलं, तर मास्क, हातमोजे, चष्मा यांचे दोन-तीनशे रुपये त्याच हिशेबात लिहा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारू नका, दुकानदाराने सांगितलं तरी.

फरदडीचा मोह टाळा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढण्याची मजुरी जड वाटते, पण उभ्या पऱ्हाटीतली अळी पुढच्या हंगामात पुन्हा तुमच्याच शेतात उतरते.