सण तोच, वय निराळे

मंडळीतील अभ्यासाकरिता पाठ

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२ व २२:७-२०; निर्गम १२:१-२७; एज्रा ३:१०-१३

नातेपुते हे गाव आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. दर वर्षी आषाढाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून येथे मुक्कामास येते व दुसऱ्या दिवशी माळशिरसकडे निघते. ह्या गावात जो वाढला, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याने एक गोष्ट खचित पाहिली असेल. लहानपणी जो पोर बापाच्या खांद्यावर बसून दिंड्या पाहत असे, तोच पुढे घागरी भरून वारकऱ्यांस पाणी पाजू लागतो. संसारी झाला म्हणजे तो दिंडीच्या जेवणाची काळजी वाहतो. आणि म्हातारपणी ओट्यावर बसून, कोणती दिंडी कोणत्या वर्षी कोठे उतरली होती, हे नातवंडांस सांगतो. वाट तीच व पालखी तीच, पण मनुष्याची जागा पालटत जाते.

आपल्या सणांविषयी हाच विचार आपणांस ह्या पाठात करावयाचा आहे. पुष्कळ मंडळ्यांत नाताळ आला की दोन तक्रारी कानी येतात. वडील म्हणतात, "आमच्या वेळचा सण आता राहिला नाही." तरुण म्हणतात, "म्हाताऱ्यांना नवे काही खपत नाही." ह्या दोन तक्रारींमुळे एकाच घरात आनंदाच्या दिवशी मने दुखावतात. म्हणून सणात काय पालटावे व काय राखावे, हे शास्त्राच्या आधारे पाहू.

१. सणाची रीत पालटत आली आहे

इस्राएल लोकांनी मिसर देशात पहिला वल्हांडण केला तेव्हा कंबर बांधून, पायांत जोडे व हातात काठी घेऊन, घाईघाईने जेवण्याची त्यांस आज्ञा होती. पुढे ते आपल्या देशात स्वस्थ राहू लागल्यावर, प्रभूच्या काळी, तोच वल्हांडण यरुशलेमेत निवांतपणे बसून जेवीत असत. रीत पालटली, पण सुटकेची आठवण तीच राहिली.

आपल्या प्रांतातील उदाहरण घ्या. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला; पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजची शिस्त लावून दिली. जी रीत आपणांस अनादी वाटते, तीही कोणा एका मनुष्याने, कोणा एका वर्षी घालून दिलेली असते.

नाताळचीही हीच कथा आहे. हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. ज्या अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले व ज्याने १८३१ साली अहमदनगरास ठाणे घातले, ते मिशन पाठविणारी संस्था मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाली होती. त्याच प्रांतात १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करण्याचा कायदा झाला होता! हा सण शास्त्रात सांगितलेला नाही, असे तेथील धर्मनिष्ठ लोकांचे मत होते. तो कायदा १६८१ साली रद्द झाला, परंतु नाताळची सार्वजनिक सुटी तेथे १८५६ साली मिळाली. ह्यावरून ध्यानात येईल की, "आमच्या वाडवडिलांची रीत हीच खरी" असे म्हणताना प्रत्येकाने थोडे नम्र असावे.

२. एकाच सणात प्रभूच्या दोन जागा

येशूचे आईबाप दर वर्षी वल्हांडणास यरुशलेमेस जात असत. तो बारा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर गेला. त्या वेळी वाटेची शिदोरी आईने बांधली होती. सोबतीस नातलग व ओळखीचे लोक होते. सणाचा भार त्याच्यावर नव्हता. पण सण संपल्यावर तो मागे राहिला, गुरुजनांमध्ये बसून ऐकू लागला व प्रश्न विचारू लागला. आईबापांस मोठे क्लेश झाले. तरी मुलगा सणाचा अर्थ आपल्या मनाने शोधू लागला, म्हणजे तो सणापासून दूर गेला असे नव्हे, हे तेथे दिसून येते. घरी परत गेल्यावर तो त्यांच्या आज्ञेत राहिला, हेही लूक सांगतो.

त्यानंतर शेवटचा वल्हांडण पाहा. आता शिदोरी बांधणारी आई नाही. तो स्वतः पेत्र व योहान यांस तयारी करावयास पाठवितो, शिष्यांस आपल्याजवळ बसवितो, भाकरी मोडून त्यांस देतो. ज्या सणात तो बालपणी घेणारा होता, त्यातच तो देणारा झाला. आणि त्याने त्या जुन्या जेवणास नवा अर्थ दिला. तोच अर्थ आपण प्रभुभोजनात आजवर राखीत आलो आहोत.

३. आपल्या आयुष्यातील पायऱ्या

बालपणी सण म्हणजे नवे कपडे, दारावरची कागदी चांदणी, आणि करंज्यांचे सारण चोरून खाणे. मुलांच्या ह्या आनंदास कमी लेखू नये. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात मुले प्रश्न विचारतील असे गृहीतच धरले आहे. आणि सणात गोडी असल्यावाचून मूल प्रश्न विचारीत नाही.

तारुण्यात घर सुटते. माळशिरस तालुक्यास नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळाले व माळीनगरासारख्या ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले. नाताळ नेमका गळिताच्या हंगामात येतो. जी कुटुंबे ऊसतोडीस जातात त्यांचा नाताळ कोपीत होतो. जे तरुण पुण्यास वा मुंबईस नोकरी करतात त्यांस कधी सुटी मिळते, कधी नाही. अशांना "सणास आला नाहीस" म्हणून बोल लावणे सोपे आहे. त्यापेक्षा उपदेशकाने वा घरच्या वडिलांनी कोपीपर्यंत चालत जावे, चार करंज्या न्याव्यात व तेथेच उपासना करावी. पहिल्या नाताळची वार्ताही रात्री कामावर असलेल्या मेंढपाळांसच मिळाली होती.

गृहस्थपणी सण कष्टाचा होतो. विशेषतः घरातील बायका पहाटेपासून चुलीपुढे बसतात, आणि उपासना संपते तेव्हा त्या दमून गेलेल्या असतात. ज्यांस आईने लहानपणी आयते खाऊ घातले, त्या पुरुषांनी आता पाणी भरावे, सरपण फोडावे, लाटण्यास हात लावावा. प्रभूने त्याच शेवटल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, हे योहान सांगतो.

वृद्धपणी सण आठवणींचा होतो. दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुणांनी हर्षाचा गजर केला, आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले. रडणे कोणते व हर्ष कोणता हे लोकांस ओळखता येईना, असे एज्रा लिहितो. त्या वृद्धांस कोणी दटावल्याचे तेथे लिहिलेले नाही. दोन्ही आवाज एकाच उपासनेत मिसळले.

४. ज्यांनी जुने सण सोडले त्यांच्याविषयी

जो मोठ्या वयात ख्रिस्ती झाला, त्याचे बालपण दुसऱ्या सणांत गेलेले असते. आपल्या ज्या वृद्ध भगिनीने लहानपणी बैलपोळा, दिवाळी, किंवा चैत्रात शिखर शिंगणापुरास जाणाऱ्या कावडी पाहिल्या, तिला त्या दिवशी आईची आठवण येते. ही आठवण ती लाजेने लपविते. तसे करण्याचे कारण नाही. आईची आठवण म्हणजे मूर्तिपूजा नव्हे.

नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आपल्या जुन्या धर्मातच राहिल्या, आणि ते घर दुभंगले. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तरी 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी माहेरची माणसे, तेथील सोवळेओवळे, तेथील हसणे-रडणे ह्यांपैकी काही पुसून टाकले नाही. ज्या घरातून आपण आलो त्या घराविषयी प्रेमाने, आणि त्याचे दोषही न झाकता, बोलता येते, हे त्या पुस्तकाने मराठी ख्रिस्ती मनुष्यास शिकविले. टिळकांनी भजन-कीर्तनाची चाल ख्रिस्ताच्या उपासनेत आणली. आपल्या घरी दिवाळीच्या करंज्या नाताळात तळल्या जातात, तेही त्याच जातीचे आहे.

कोणी नवशिष्य विचारील, "पालखी गावात येते त्या दिवशी मी दार लावून बसावे काय?" त्याने आपली भक्ती कोणास वाहिली हे तो जाणतो. पण दारात तहानेला मनुष्य आला तर त्यास पाणी देण्यास कोणत्याही शास्त्राची मनाई नाही.

उपदेशकांस सूचना

नाताळच्या अगोदरच्या रविवारी मंडळीतील सर्वांत वृद्ध मनुष्यास आपल्या पहिल्या नाताळविषयी चार वाक्ये बोलावयास सांगावे. त्यानंतर एका मुलास एक प्रश्न विचारू द्यावा. नवी रीत आणावयाची असल्यास वृद्धांस आधी विचारावे. जुनी सोडावयाची असल्यास ती का होती, हे तरुणांस सांगून मगच सोडावी.

विचारासाठी प्रश्न

१. मिसरातील वल्हांडण व प्रभूचा शेवटचा वल्हांडण यांत काय पालटले व काय राहिले?

२. यंदाच्या सणात तुम्ही घेणारे आहात की देणारे? मागे कोण होता?

३. तुमच्या घरी सणाच्या दिवशी सर्वांत अधिक कोण दमते? त्यास साहाय्य कसे कराल?

४. तुमच्या मंडळीतील कोणाचा सण कोपीत, इस्पितळात वा एकट्या घरात होतो? त्याच्याकडे कोण जाईल? नाव ठरवूनच आजची सभा संपवावी.