वाळवंटातले ओढे आणि आमचं सर्व्हेचं जर्नल



सेकंड इयरच्या सर्व्हे प्रॅक्टिकलला आपण काय करतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ग्रुपमधला एक जण प्रिझमॅटिक कंपासमध्ये डोळा घालतो, एक जण रेंजिंग रॉड धरून उन्हात उभा राहतो, एक जण आकडे लिहितो आणि उरलेले झाडाखाली बसतात. मी उरलेल्यांपैकी होते. ट्रॅव्हर्स बंद होत नसला की क्लोजिंग एरर जर्नलमध्ये कशी 'बसवायची' एवढं मात्र मला छान जमायचं. गेल्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात माझी अशी एक एरर आली की ती बसवता येईना. मॅगझिनसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा हेच लिहायचं ठरवलं.

आधी खेळाची ओळख. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात ठरवून दिलेली ठिकाणं ठरलेल्या क्रमाने शोधायची, आणि तीही पळत. ओरिएंटियरिंग हा शब्द १८८६ मध्ये स्वीडनच्या लष्करात प्रथम वापरला गेला. सर्वसामान्यांसाठी पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, ऑस्लोजवळ झाली. आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली. म्हणजे खेळ मुळात थंड देशातला, घनदाट झाडीतला. पण अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या लोकांनी तो वाळवंटात नेला आणि तिथे त्याचं रूपच बदललं.

नकाशावर सुरुवातीला त्रिकोण, शेवटी दुहेरी वर्तुळ आणि मधे जांभळी वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर जमिनीवर काहीतरी असतं. कधी मोठा दगड, कधी ओढ्याचं वळण, कधी टेकाडाचं टोक. तिथे केशरी-पांढऱ्या कापडाची तिकोनी पेटी लटकवलेली असते. हा 'कंट्रोल'. बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक काडी तिथल्या डबीत घातली की 'पीं' असा आवाज येतो आणि वेळ नोंदली जाते. स्पर्धक दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे पुढच्याच्या मागे पळून भागत नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्रीची पद्धत इथे चालत नाही!) नकाशा दाखवणारा फोन किंवा घड्याळही चालत नाही.

आमची स्पर्धा अँझा-बोरेगो या स्टेट पार्कमध्ये होती, शनिवार-रविवार दोन दिवस. सॅन दिएगोपासून गाडीने साधारण दोन तास. हा कॅलिफोर्नियातला सर्वांत मोठा स्टेट पार्क, सहा लाख एकरांच्या आसपास पसरलेला. पश्चिमेच्या डोंगररांगा समुद्राकडून येणारे ढग अडवतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. महाबळेश्वरकडून माणदेशाकडे निघालं की जे दिसतं तेच, फक्त कितीतरी पटींनी. वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर पाऊस. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, म्हणून स्पर्धा हिवाळ्यातच घेतात.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानच्या वाळूच्या टेकड्या येतात. इथे तसं नव्हतं. इथे दगड, मुरूम, काटे आणि कोरडे ओढे. त्या ओढ्यांना तिथे 'वॉश' म्हणतात. वर्षात एखाद-दोनदा तासाभराचा पाऊस येतो, पाणी दगडगोटे घेऊन सुसाट सुटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं. चोया नावाचं एक निवडुंग आहे. त्याचा नुसता पुसटसा स्पर्श झाला तरी अख्खा काटेरी गोळा तुटून पायाला चिकटतो. हाताने काढायला गेलात तर हातालाही चिकटतो. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात एक साधा केसांचा कंगवा असतो. कंगवा मधे घालायचा आणि झटका द्यायचा.

आता नकाशा. आपण कॉलेजात सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट बघतो, तिचं प्रमाण १:५०,०००, कंटूर २० मीटरला एक. ओरिएंटियरिंगचा नकाशा १:१०,००० किंवा १:१५,००० चा आणि कंटूर साधारण ५ मीटरचे. माणसाच्या उंचीचा सुटा दगडसुद्धा त्यावर काळ्या ठिपक्याने असतो. रंगांचा अर्थ ठरलेला आहे : पांढरं म्हणजे पळण्याजोगं जंगल, हिरवं म्हणजे गचपण, पिवळं म्हणजे मोकळी जमीन, निळं म्हणजे पाणी, तपकिरी म्हणजे जमिनीचे उंचसखल आकार, काळं म्हणजे खडक आणि माणसाने बांधलेलं. स्वीडनचा नकाशा पांढरा-हिरवा दिसतो, आमचा जवळजवळ सगळा पिवळा. म्हणजे वाट दाखवणारं जे काही होतं ते तपकिरी आणि काळ्या रेषांमध्ये. ज्याला कंटूर वाचता येत नाही तो इथे आंधळा.

होकायंत्राबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या व्हायवात विचारतात आणि आपण पाठ करून मोकळे होतो. पहिली डिक्लिनेशन, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन. महाराष्ट्रात तो जवळजवळ शून्य आहे, म्हणून ती करेक्शन आपल्याला उगाच वाटते. तिथे तो पूर्वेकडे सुमारे ११ अंश आहे. ओरिएंटियरिंगच्या नकाशावरच्या उत्तररेषा चुंबकीय उत्तरेप्रमाणेच छापतात, त्यामुळे स्पर्धेत ही भानगड नसते. पण पार्कचा साधा नकाशा घेऊन हिंडणाऱ्याला ती सुटत नाही.

दुसरी डिप. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर नसतं. पुण्यात ते आडव्या पातळीच्या खाली साधारण २५ अंश झुकलेलं असतं, बोरेगोत ५८ च्या आसपास. होकायंत्र बनवणारे त्या त्या भागाप्रमाणे सुई तोलून देतात. मी अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं माझं ट्रेकिंगचं जुनं होकायंत्र भक्तिभावाने सोबत नेलं होतं. तिथे त्याच्या सुईचं उत्तर टोक खाली वाकून तळाला घासायला लागलं. सुई फिरायची, पण अडखळत. डबी वाकडी धरून टिचकी मारली की दहा-दहा अंश सरकायची. मी म्हटलं, चालतंय की!

चालत नव्हतं. साधी त्रिकोणमिती आहे. ६०० मीटर चालताना दिशा ४ अंशांनी चुकली तर आपण ४२ मीटर बाजूला जातो. १० अंशांनी चुकली तर १०४ मीटर. ओढे पन्नास-पन्नास मीटरवर असतील तर १०४ मीटरला काय होतं ते तुम्हीच बघा.

शनिवारी मी लायकीपेक्षा अवघड कोर्स निवडला. तिथे कोर्सना रंगांची नावं असतात. पांढरा, पिवळा हे नवशिक्यांचे, नारिंगी मधला, आणि पुढचे तपकिरी, हिरवा, लाल, निळा हे जाणकारांचे. मी हिरवा घेतला. कारण एकच, सह्याद्रीत दहा वर्षं भटकलेली मुलगी पिवळ्या कोर्सवर शाळकरी पोरांबरोबर कशी पळणार!

पहिले तीन कंट्रोल मिळाले. चौथ्यासाठी तिसऱ्यापासून पूर्वेला ६०० मीटर जायचं होतं. वर्णन होतं 'ओढ्यांचा संगम'. नकाशावर दोन रेषा इंग्रजी वाय अक्षरासारख्या मिळालेल्या दिसत होत्या. मी पाच वॉश ओलांडले, त्यांतला मोठा तिसरा हाच आपला असं ठरवलं आणि उताराला लागले. संगम म्हटल्यावर खालीच असणार ना? भंडारदऱ्यात काय, ताम्हिणीत काय, वाट चुकलं की ओढा धरून खाली उतरायचं, ओढे एकमेकांना मिळत जातात आणि शेवटी गाव येतं. हे आपल्या हाडात आहे.

इथे ते उलटं आहे. डोंगरातली अरुंद घळ जिथे मैदानाला लागते तिथे पाण्याचा वेग एकदम पडतो आणि सगळा गाळ तिथेच टाकला जातो. वर्षानुवर्षं साचून त्याचा हातपंख्यासारखा उतार तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकातलं पंखाकृती मैदान ते हेच. घळीच्या तोंडाशी एकच प्रवाह असतो आणि खाली येता येता तो फुटत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार. सह्याद्रीतला ओढा झाडाच्या मुळांसारखा मिळत येतो, पंख्यावरचा ओढा फांद्यांसारखा पसरत जातो. म्हणजे माझा 'संगम' हा खरं तर फाटा होता आणि तो माझ्या वरच्या अंगाला होता. मी जितकी खाली जात होते तितकी त्याच्यापासून लांब चालले होते, आणि दर पन्नास पावलांनी नवा फाटा फुटून मला वाटत होतं, हाच तो!

हे नकाशावर दिसत नव्हतं का? स्पष्ट दिसत होतं. पंख्यावरचे कंटूर उताराच्या दिशेने फुगलेले असतात, पालथ्या घातलेल्या सुपलीसारखे. त्यावरून चढ कुठे, उतार कुठे हे कळतं आणि मग वाय सुलटा की उलटा हेही कळतं. मी रेषा पाहिल्या, कंटूर पाहिलेच नाहीत. त्यात घासणाऱ्या सुईने मला आधीच उताराकडे ढकललं होतं. नकाशावर न दाखवलेल्या बारक्या नाळ्याही मी मोजल्या होत्या. तीन चुका, तिन्ही एकाच दिशेने. सरांच्या भाषेत क्युम्युलेटिव्ह एरर.

पन्नास मिनिटं शोधलं. एक लिटर पाणी संपलं. प्रत्येक नकाशासोबत एक सुटकेची दिशा सांगितलेली असते. आमची होती दक्षिण, कितीही हरवलात तरी दक्षिणेला गेलात की डांबरी रस्ता लागेल. मी तो धरला. इथवर ठीक होतं. रस्त्यावर एका कुटुंबाने गाडी थांबवली, पाणी दिलं आणि मला पाच-सहा किलोमीटरवरच्या कॅम्पवर सोडलं. मी तंबूत शिरले, बूट काढले आणि झोपले.

फिनिशला गेले नाही. कोर्स अर्धवट सोडला तरी फिनिशला जाऊन काडी लावायचीच, हा या खेळाचा पहिला नियम. सकाळी दोनदा सांगितला होता. पण हरल्यावर कोण तोंड दाखवायला जातं?

तीन वाजता कोर्स बंद झाला. कॉम्प्युटरवर एक काडी रानातच होती. मी ज्यांच्या गाडीतून आले होते त्यांनाही वाटलं मी अजून धावते आहे. फोनला रेंज नाही. चार वाजता चौघं जण शिट्ट्या घेऊन माझ्या कोर्सवर निघाले. जानेवारीत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग थंडी झपाट्याने पडते. तंबूजवळ कोणीतरी नाव घेऊन हाक मारली तेव्हा मी उठले. बाहेर संयोजक बाई उभ्या होत्या. त्या फक्त "तू इथे आहेस" एवढं म्हणाल्या आणि लगेच गाडीकडे वळल्या, कारण दोघं जण अजून आतच होते.

शेवटचे परतले ते साठी उलटलेले एक गृहस्थ. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही, मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. टॉर्चच्या उजेडात ते लंगडत आले. पोटरीला चोयाचे दोन गोळे. चौथ्या कंट्रोलच्या खालचा एकेक फाटा ते बघत आले होते, कारण हरवणारा माणूस उताराला जातो हे त्यांना माहीत होतं. मी खिशातला कंगवा काढला. गोळे निघाले, आतले बारीक काटे चिमट्याने काढायला अर्धा तास लागला. माझी मान वर होत नव्हती. काकांनी तेवढ्या वेळात माझा नकाशा मागून घेतला आणि विचारलं, "इथे चढ कुठे आहे, दाखव."

आपल्या गर्ल्स होस्टेलच्या गेटवर इन-टाइम लिहायची एक वही असते. तिच्यावरून रेक्टर मॅडमशी मी चार वर्षं भांडले. त्या वहीच्या काही भागाबद्दल माझं मत अजूनही तेच आहे. पण बाहेर गेलेलं माणूस परत आल्याची नोंद म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळलं.

रविवारी मी नारिंगी कोर्स घेतला. होकायंत्र काकांचं, पाणी दोन लिटर. वॉश मोजायचं बंद केलं. हातावर नकाशाची घडी अशी घातली की अंगठा सतत आपण आहोत त्या जागेवर राहील. पाचवा कंट्रोल पुन्हा पंख्यावर होता. सरळ गेलं तर ४०० मीटर, पण मी आधी चढून घळीच्या तोंडाशी गेले, कारण सगळे ओढे वर एकाच ठिकाणी मिळतात आणि ती जागा चुकूच शकत नाही. याला 'अटॅक पॉइंट' म्हणतात : लांबची का होईना, पण खात्रीची खूण आधी गाठायची आणि तिथून थोडकं अंतर मोजून जायचं. शंभर मीटरला माझी वाटेवर ६५ दुहेरी पावलं होतात, वाळूत ७२. दुसरा फाटा, उजवा हात, १८० मीटर. केशरी कापड दिसलं तेव्हा मी चक्क ओरडले. एकूण वेळ १ तास ५२ मिनिटं, खालून तिसरी. एकही कंट्रोल चुकला नाही. फिनिशच्या टेबलावर काडी लावली तेव्हा संयोजक बाईंनी माझ्याकडे पाहून यादीतल्या माझ्या नावावर जरा जास्तच जोराने टिक केली.

तुम्हाला करून बघायचं असेल तर वाळवंट लागत नाही. टोपोशीटवरचा आपल्या कॅम्पसजवळच्या टेकडीचा तुकडा मोठा करून घ्या. आधी सपाट वाटेवर शंभर मीटर टेप लावून आपली दुहेरी पावलं मोजा, मग तीच चढावर मोजा. होकायंत्र धरताना खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा लांब ठेवा, लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणतात ते हेच. प्रत्येक ओढ्यापाशी थांबून नकाशावर बोटाने चढ कुठे ते दाखवा, मग पुढे जा. निघताना कोण कोण चाललंय ते एका कागदावर लिहून मेसच्या काकूंकडे द्या, आणि परत आल्यावर आपलं नाव आपल्या हाताने खोडा, अगदी अर्ध्यातून परत आलात तरी.