मुलांसाठी पोर्टेबल सीडी प्लेयर कसा निवडावा? (श्रवण कौशल्य : शिक्षक व पालकांसाठी)



श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही भाषेची चार कौशल्ये आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. त्यात श्रवण पहिले, पण वेळापत्रकात त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो. घरी तर मूल जे काही ऐकते ते बहुतेक मोबाइलवर. आणि मोबाइल हातात आला की ऐकणे बाजूला राहते, बघणे सुरू होते. गोष्ट लावून द्यावी आणि पाच मिनिटांनी येऊन पाहावे, तर पडद्यावर भलताच व्हिडिओ चाललेला! हा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे ते सांगायला नकोच.

याला एक साधा, थोडा जुना उपाय आहे : पोर्टेबल सीडी प्लेयर. त्याला पडदा नाही, इंटरनेट नाही, जाहिरात नाही. एक तबकडी घातली की तेवढेच वाजते. एसटीच्या लांबच्या प्रवासात, गावी आजीकडे नेटवर्क नसताना, दुपारी पडल्या पडल्या मूल निवांत ऐकू शकते. शिवाय घरोघरी कपाटात बालगीतांच्या, गोष्टींच्या, इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकांमागे चिकटवून आलेल्या सीडी पडून आहेतच.

पण दुकानात किंवा ऑनलाइन गेलो की सगळे प्लेयर सारखेच दिसतात. मग निवडायचा कसा? चला, क्रमाने पाहूया.

थोडी ओळख

सीडी सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तयार केली. १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. १९८४ मध्ये सोनीने 'डी-५०' हा हातात मावणारा प्लेयर काढला आणि सीडी घराबाहेर पडली.

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्यावर सूक्ष्म खळग्यांची एकच लांबलचक सर्पिल रेघ असते. ही रेघ मधून सुरू होऊन कडेकडे जाते, म्हणजे जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या बरोबर उलट. लेसरचा किरण हे खळगे वाचतो. वाचण्याचा वेग सारखा ठेवायचा म्हणून आतल्या बाजूला तबकडी जोरात फिरते (मिनिटाला सुमारे ५०० फेरे) आणि कडेला येता येता हळू होते (सुमारे २०० फेरे). प्लेयर हलला की किरण रेघेवरून सरकतो आणि गाणे अडखळते. प्रवासात वापरायच्या प्लेयरची खरी परीक्षा इथेच होते.

खरेदीपूर्वी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

१. कोण ऐकणार? पहिलीतले मूल, दहावीतली मुलगी की पूर्ण वर्ग?
२. कुठे ऐकणार? एका जागी बसून, गाडीत की चालताना?
३. काय ऐकणार? विकतची सीडी, घरी तयार केलेली की एमपी३ भरलेली?

या तीन उत्तरांवर पुढचे सगळे अवलंबून आहे. म्हणून आधी कागदावर लिहून काढा, मग किंमत बघा.

काय काय तपासावे?

१) कोणत्या सीडी चालतात? विकतची ऑडिओ सीडी सगळ्याच प्लेयरवर चालते. घरी तयार केलेली सीडी-आर बहुतेकांवर चालते. पण पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे काही जुने प्लेयर ती वाचतच नाहीत. एमपी३ सीडी चालवायची असेल तर खोक्यावर 'एमपी३' असे स्पष्ट लिहिलेले हवे. याचा फायदा मोठा आहे. ऑडिओ सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावतात, तर ७०० एमबीच्या एमपी३ सीडीवर साध्या दर्जाचे (१२८ केबीपीएस) सुमारे १२ तास. गोष्टी आणि कविता ऐकायला हा दर्जा पुरेसा होतो.

आपल्या वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर एक गोष्ट जरूर विचारा. त्याची बोलकी पुस्तके 'डेझी' पद्धतीची आहेत का? डेझी पुस्तकात हव्या त्या धड्यावर, हव्या त्या पानावर थेट जाता येते. साध्या एमपी३ प्लेयरवर त्यातला आवाज वाजेलही, पण पानावर जाण्याची सोय मिळणार नाही. त्या मुलासाठी ती सोय म्हणजेच पुस्तक उघडणे आहे. तेव्हा अशा वेळी डेझी चालणारेच यंत्र घ्यावे.

२) धक्का सहन करतो का? खोक्यावर 'अँटी-स्किप' किंवा 'अँटी-शॉक' असे लिहून पुढे सेकंद दिलेले असतात : १०, ४५, ६० वगैरे. याचा अर्थ मुलांना समजावताना घरावरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण द्या. नळाला पाणी असते तेव्हा टाकी भरून ठेवतो. मध्येच पाणी गेले तरी घरातला नळ चालू राहतो. प्लेयरसुद्धा पुढचे काही सेकंद आधीच वाचून स्मृतीत साठवतो. गाडीला गचका बसला, किरण सरकला, तरी साठ्यातले वाजत राहते, तोवर किरण पुन्हा जागेवर येतो. पण गचके सतत बसत राहिले तर टाकी रिकामी होणारच! गाडीत बसून ऐकायला ४० सेकंदांच्या पुढचा साठा बरा. घरी टेबलावर ठेवून ऐकणार असाल तर या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. काही प्लेयरमध्ये ही सोय बटणाने बंद करता येते. टेबलावर ऐकताना ती बंद ठेवली तर सेल थोडे जास्त टिकतात.

३) सेल की चार्जिंग? जुन्या प्रकारात दोन पेन्सिल सेल लागतात, नव्या प्रकारात आत बॅटरी असते आणि यूएसबीने चार्ज होते. गावी वीज जात-येत असेल तर पेन्सिल सेलवाला सोयीचा, कारण सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. रोज वापर असेल तर पुन्हा चार्ज होणारे सेल परवडतात. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ व्होल्टचे. बहुतेक प्लेयर दोन्हींवर चालतात, तरी माहितीपत्रकात बघून घ्या. आतली बॅटरी असलेला घेणार असाल तर ती दोन-तीन वर्षांनी बदलून मिळेल का, हे दुकानदाराला आजच विचारा. आणि अ‍ॅडाप्टर वेगळा घ्यायची वेळ आली तर व्होल्ट आणि पिनेचे धन-ऋण दोन्ही जुळवूनच घ्या. नुसती पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर बसला असे होत नाही.

४) थांबले तिथून पुढे सुरू होते का? गाण्यांना याची फारशी गरज नसते, पण गोष्टीला फार असते. अर्ध्या तासाची गोष्ट निम्मी ऐकून मूल झोपले, सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली की कंटाळून सोडून देते. याला 'रिझ्यूम' म्हणतात. झाकण उघडले की ही आठवण बऱ्याच प्लेयरमध्ये पुसली जाते, हेही मुलांना सांगून ठेवा.

५) तेवढाच तुकडा पुन्हा ऐकता येतो का? भाषेच्या शिक्षकांनी ही सोय आवर्जून शोधावी. 'ए-बी रिपीट' असेल तर एखादे वाक्य हवे तितक्या वेळा ऐकता येते. इंग्रजी उच्चार, कवितेची चाल, संस्कृत श्लोकाचा यतिभंग टाळणे, या सगळ्याला उपयोग होतो. ही सोय नसेल तर निदान एक ट्रॅक पुन्हा वाजवण्याचे बटण असावे.

६) बटणे आणि 'होल्ड'. लहान मुलांसाठी मोठी, हाताला वेगळी लागणारी बटणे बरी. दप्तरात चुकून बटण दाबले जाऊ नये म्हणून 'होल्ड' नावाची सरकपट्टी असते. "बाई, बंद पडलाय!" अशी तक्रार आली की आधी हीच पट्टी बघा. निम्म्या वेळा ती सरकलेली असते.

७) हेडफोनची जागा. ३.५ मिलिमीटरचे नेहमीचे छिद्र हवेच. त्याला दोन तोंडांचा जोड लावला की दोन मुले एकत्र ऐकू शकतात, छोटा स्पीकर लावला की पूर्ण वर्ग ऐकतो. ब्लूटूथ असेल तर छान, पण केवळ त्यासाठी बजेट ताणू नका.

कानांची काळजी : सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

पालकहो, हा भाग घाईत वाचू नका. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक संवेदी पेशींना इजा होते आणि मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हिशेब करून बघा : ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला फक्त ५ तास. आवाज आपल्याला किंचितच वाढल्यासारखा वाटतो, वेळ मात्र अशी झपाट्याने कमी होते.

प्रवासात धोका आणखी वाढतो. बसचा, लोकलचा आवाज मोठा असतो, त्यावर मात करायला मूल आवाज चढवते. म्हणून प्रवासासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. बाहेरचा गोंगाट कमी आत आला की आतला आवाज वाढवावा लागत नाही. घरी सोपी परीक्षा अशी : मूल ऐकत असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज जास्त आहे. आवाजाची पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे, त्याहून वर नाही, असा नियम ठेवा. आणि रस्ता ओलांडताना, सायकल चालवताना हेडफोन कानावर नको म्हणजे नकोच. त्यात सवलत नाही.

जुना प्लेयर घेत असाल तर

जुन्या बाजारात किंवा ओळखीत स्वस्त मिळतो. पण घरून तीन गोष्टी घेऊन जा : दोन सेल, हेडफोन आणि पूर्ण भरलेल्या दोन सीडी, एक विकतची आणि एक घरी केलेली.

- सेलची जागा उघडून बघा. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल गळलेला आहे.
- पहिला ट्रॅक वाजवा, मग थेट शेवटचा. शेवटचा अडखळला तर कडेपर्यंत वाचन नीट होत नाही.
- वाजत असताना हळूच तिरका करा, हलवा.
- हेडफोनची पिन गोल फिरवा. खरखर आली तर छिद्र झिजले आहे.
- झाकण घट्ट बसते का, ते पाहा. झाकण उघडे ठेवून प्लेयर चालवण्याची युक्ती कोणी सांगितली तर करू नका. लेसरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, पण डोळ्यांना घातक ठरू शकतो.

सीडी कशी सांभाळावी?

मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. का? माहितीची रेघ गोल फिरते. आडवा ओरखडा तिला जागोजागी थोडासाच छेदतो आणि तेवढी तूट प्लेयर स्वतः भरून काढतो. गोल ओरखडा रेघेच्या बरोबर लांबत जातो, मग ती तूट भरत नाही. आणखी एक : आपण चकचकीत बाजू जपतो, पण नाजूक असते ती छापील बाजू. परावर्तक थर तिच्या अगदी खाली असतो. त्यावर बॉलपेनने नाव लिहू नका, मऊ टोकाचा सीडी मार्कर वापरा. कागदी लेबल चिकटवू नका. उन्हात किंवा बंद गाडीत सीडी ठेवू नका.

वर्गातील उपक्रम

१. आपली सीडी : मुलांच्या आजी-आजोबांकडून ओव्या, लोककथा, गावाची माहिती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा. नव्या लॅपटॉपला सीडीची जागा नसते, तेव्हा बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर लागेल. तयार करताना 'ऑडिओ सीडी' हा पर्याय निवडा आणि शेवटी 'फायनलाइज' करा, नाहीतर प्लेयरवर वाजणार नाही. एखादी आजी पुढे नसेल, तिचा आवाज असेल. म्हणून मूळ फाइल दुसरीकडेही जपून ठेवा.

२. ऐका आणि सांगा : पाच मिनिटांचा भाग ऐकवा. पहिल्यांदा फक्त ऐकणे, दुसऱ्यांदा तीन प्रश्न. लिहायला लावू नका, बोलू द्या.

३. गणित (इयत्ता ७ वी व पुढे) : सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा असे दोन आवाज. तर एका सेकंदाला किती बिट? (उत्तर : १४,११,२००) एमपी३ ला १,२८,००० लागतात, तर ती किती पट लहान झाली? (सुमारे ११ पट)

थोडक्यात सांगायचे तर

लहान मुलासाठी साधा, मोठ्या बटणांचा, 'रिझ्यूम' असलेला प्लेयर. प्रवासासाठी जास्त सेकंदांचा अँटी-स्किप आणि कान झाकणारे हेडफोन. भाषेच्या वर्गासाठी ए-बी रिपीट आणि जोडायला एक छोटा स्पीकर. पैसे कमी पडत असतील तर प्लेयर साधा घ्या, हेडफोन चांगले घ्या, कारण प्लेयर पुन्हा घेता येतो, कान पुन्हा मिळत नाहीत.

आणि पहिल्या दिवशी पहिली सीडी मुलाबरोबर बसून तुम्हीही ऐका. मुले ऐकायला शिकतात ती ऐकणाऱ्या मोठ्यांकडे बघून.