काम दाखवून आलात, मग चार ओळी लिहिल्यात का?

मैत्रिणींनो, गटातल्या बऱ्याच जणी आता पापड-लोणच्याच्या पलीकडे गेल्या आहेत. कोणी बुटीकमध्ये भरतकामाचं काम शोधतेय, कोणी शाळेत हस्तकला शिकवायला अर्ज करतेय, कोणी रिसॉर्टच्या भिंतीवर वारली काढायचं काम मिळतंय का पाहतेय. अशा कामाला नुसता अर्ज चालत नाही. नमुने घेऊन जावं लागतं, समोर बसून बोलावं लागतं. हे आपण करतो. पण घरी आल्यावर पुढे काय करायचं, ते आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी गोधडीचे नमुने घेऊन शहरातल्या एका दुकानात गेले होते. त्यांना नवे नमुने तयार करून देणारी बाई कायमची हवी होती. मालकीणबाईंनी अर्धा तास दिला. इरकली लुगड्याचा काठ लावून मी चौकट केली होती, त्यावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. "कळवते" म्हणाल्या. मी घरी येऊन वाट बघत बसले. नंबर तर दिलाय, आपण कशाला मागे लागायचं? दोन महिन्यांनी एका प्रदर्शनात त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, ती काठाची चौकट तुमची होती का? मी शोधत होते! त्या आठवड्यात दहा-बारा जणी येऊन गेल्या, नंबरची चिठ्ठी कुठे गेली कळलंच नाही." काम तोवर दुसरीला मिळालं होतं. तिचं कामही चांगलं असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी चार ओळी पाठवल्या असत्या तर निदान माझं नाव त्यांच्या फोनमध्ये राहिलं असतं.

आपल्याला आभार मानायची सवय नाही, हेही खरं. घरात कोणी कोणाला 'धन्यवाद' म्हणत नाही. शेजारणीची वाटी परत करताना रिकामी देत नाही, तेच आपले आभार. त्यामुळे असं लिहिणं पुष्कळ जणींना लाचारीसारखं वाटतं. लाचारी कशात असते ते बघा. "मॅडम, घरची परिस्थिती फार वाईट आहे, काहीही करून काम द्या, कमी पैशातही करीन." असं लिहू नका. यात आभार नाहीत, मागणं आहे. शिवाय भावही आपणच पाडून ठेवला.

आता हे वाचा:

"नमस्कार मॅडम. मी (पूर्ण नाव, गाव). काल दुपारी गोधडीचे नमुने घेऊन आले होते. गडबडीतही तुम्ही प्रत्येक नमुना उलगडून पाहिलात, त्याबद्दल आभार. तुम्हाला आवडलेल्या काठाच्या चौकटीचा फोटो सोबत पाठवते. मधला धावदोरा आणखी बारीक हवा म्हणालात, तसा वीतभर तुकडा शिवून शनिवारपर्यंत पाठवीन. हा फोन मुलाचा आहे, संध्याकाळी सहानंतर मी असते."

यातली सगळ्यात मोलाची ओळ धावदोऱ्याची. त्या काय बोलल्या ते आपण ऐकलं, लक्षात ठेवलं आणि लगेच करायला घेतलं, हे त्यांना त्या एका ओळीतून कळतं. म्हणून दुकानातून बाहेर पडल्यावर एस.टी.त बसल्या बसल्या त्यांचे दोन शब्द वहीत टिपून ठेवा. आणि शनिवार लिहिलं तर तुकडा शनिवारी पोचलाच पाहिजे. जमणार नसेल तर वार लिहू नका.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल, पण आपल्याकडे फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. वर फोटो कुठल्या तरी हिरोचा! समोरच्याने ओळखायचं कसं? नाव आणि गाव लिहाच. फोटो एकच पाठवा, वीस नको.

निरोप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जाऊ दे. लिहायला जड जात असेल तर फोनच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं. भाषा मराठी ठेवली की बोललेलं टाइप होतं. पाठवण्याआधी मुलीकडून एकदा वाचून घ्या, कारण यंत्र कधीकधी भलतंच लिहितं. आणि रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवत बसू नका. त्याने लोक नंबर बंद करतात.

वारली काढणाऱ्या मैत्रिणींनी तर पोस्टकार्ड वापरून बघावं. साधं कार्ड, कोपऱ्यात काळ्या शाईने एखादी छोटी आकृती. मेसेज वर सरकून जातो, कार्ड टेबलावर राहतं.

नकार आला तरी लिहा. मन खट्टू होतं, मान्य. एक दिवस जाऊ द्या. मग दोनच ओळी: "कळवल्याबद्दल आभार. पुढे असं काम निघालं तर जरूर सांगा." ज्यांनी तुमचं नाव सुचवलं त्या सहयोगिनी, शिक्षिका किंवा मावसबहिणीलाही काय झालं ते कळवा. काम झालं नाही म्हणून आपण तोंड चुकवतो आणि पुढच्या वेळी तिला आपलं नाव सुचवावंसं वाटत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर अर्धा तास काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने नमुना दाखवायचा, दुसरीने दुकानदार होऊन खोड काढायची. मग पहिलीने तिथेच पाच ओळी लिहून मोठ्याने वाचायच्या. ज्यांना अक्षरांची भीती वाटते त्यांनी सांगायचं, सचिवताईंनी लिहून घ्यायचं.