काडेचिराईत : ओळख व पारख

ज्वरावरील कडू औषध म्हणून चिराईत विदर्भात घरोघरी परिचित आहे. मात्र या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. नागपूरच्या इतवारीतून काष्ठौषधी नेणाऱ्या भाविकांनी हे ध्यानात घ्यावे. खरे ते काडेचिराईत. दुसरे हिरवे किराईत, म्हणजेच कालमेघ, हे अडुळशाच्या कुळातील होय. दोन्ही कडू व दोन्ही औषधी असली, तरी वैद्याने एक सांगितले असता दुसरे घेऊ नये.

काडेचिराईत ‘स्वर्टिया’ या प्रजातीतील आहे. एमानुएल स्वीर्ट या डच उद्यानतज्ज्ञाच्या नावावरून लिनीअसने १७५३ साली हे नाव रूढ केले. आपल्याकडील नाव त्याहून कितीतरी प्राचीन. संस्कृतात ते ‘किराततिक्त’, म्हणजे हिमालयवासी किरातांच्या प्रदेशातील कडू वनस्पती. महाभारताच्या वनपर्वात अर्जुनाची परीक्षा पाहण्यास भगवान शंकर ज्या वेषात आले, तोच हा किरात. शार्ङ्गधरसंहितेतील सुदर्शन चूर्णात इतर सर्व द्रव्यांच्या निम्म्या वजनाइतके एकटे किराततिक्त घालतात.

या प्रजातीच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या पठारांवरही फुलतात, परंतु बाजारातील अस्सल काडेचिराईत काश्मीरपासून नेपाळ-भूतानपर्यंतच्या हिमालयातूनच येते. फूल चार पाकळ्यांचे, हिरवट पिवळे व जांभळट छटेचे असते. प्रत्येक पाकळीच्या तळाशी दोन मधुग्रंथी असतात. रोप दोन-तीन वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि बी देऊन वाळून जाते. औषधात पंचांग लागते, म्हणून फुलोऱ्यातच ते मुळासकट उपटतात. बी पडण्यापूर्वीच रोप गेले, की त्या जागी पुढील पिढी उगवत नाही. रानातील चिराईत घटले ते प्रामुख्याने यामुळे, आणि भेसळीसही त्यातूनच वाव मिळाला. चार धाम यात्रेस जाणाऱ्यांनी आठवण म्हणून एखादे रोप उपटण्याचा मोह आवरावा, हे ओघाने आलेच.

पारख अवघड नाही. काडी पिवळसर तपकिरी वा जांभळट, खाली गोल व वर चौकोनी असते. मोडली असता आत पिवळसर भेंड दिसते व ते सहज सुटते. कालमेघाची काडी हिरवी व चौकोनी असते. स्वर्टियाचीच एक हलकी जात भेसळीत येते. तिची चव तितकी कडू नसते. कडूपणा मुख्यत्वे ॲमारोजेन्टिन या द्रव्याचा. ज्ञात पदार्थांत याहून कडू फारच थोडे. तुकडा जिभेवर ठेवून पाहणाऱ्याने सोबत गूळ बाळगलेला बरा. औषध म्हणून मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी परस्पर घेऊ नये.